बत्तीचा राखणदार ओरोसला

आधीच सांगून टाकतो, बत्ती हलवली यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. गावात जाऊन विचारलंत तर वेगळं ऐकायला मिळेल. खुशाल ऐका. मीही बरेच महिने तेच ऐकतोय. कान किटले, तरी माझं उत्तर बदललेलं नाही. ती तिथे राहिली असती तर आज भंगारवाल्याच्या काट्यावर असती. एवढं ठणकावून सांगून झालं की मला बरं वाटायला हवं. ते वाटत नाही, ही खरी पंचाईत आहे.

बत्ती म्हणजे आमचं जुनं दीपगृह. मालवणच्या दक्षिणेला जांभ्याचा एक सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, समुद्रात घुसलाय, त्याच्या टोकाला ती उभी होती. लोखंडी पत्रे एकमेकांना बोल्टांनी जोडून केलेली, अंगाने पांढरी, कमरेला तांबडा पट्टा, साहेबाच्या काळातली. माझे वडील तिथे नोकरीला होते. संध्याकाळी दिवा लावायचा, सकाळी विझवायचा, काचा पुसायच्या, आणि मधल्या वेळात ‘वर चढू नका रे मेल्यांनो’ म्हणून पोरांवर ओरडायचं, अशी ती नोकरी. आमचं घर सड्याच्या उतरणीला. आम्ही दोघे भाऊ त्या घरात वाढलो. थोरला, म्हणजे आमचा दादा, तिथेच राहिला. काजू, आंबा आणि परड्यातले माड यांत त्याचं आयुष्य गेलं. मी शिकलो, कणकवलीच्या शाळेत मुलांना इतिहास शिकवला. बायको कलेक्टर कचेरीत होती म्हणून ओरोसला ब्लॉक घेतला आणि निवृत्त झाल्यावर तिथेच पंख्याखाली बसलो.

पण घर म्हटलं की ते सड्याखालचं. ओरोसच्या ब्लॉकला मी आजवर ‘घर’ म्हटलेलं नाही, आणि बायकोला त्याचा राग येतो. चतुर्थीला आम्ही ब्लॉकला कुलूप घालून दादाकडे जायचो. गणपती एकच, दादाच्या ओटीवर. आमच्या भागात भावाभावांच्या जमिनी वेगळ्या होतात, चुली वेगळ्या होतात, एकमेकांवर कोर्टात दावे लावणारे भाऊही मी पाहिलेत. तरी गणपती एक असला की घर मोडलं असं कोणी म्हणत नाही. ज्या वर्षी एखादा भाऊ आपला गणपती वेगळा आणतो, त्या वर्षी मात्र गाव समजतो की झालं, संपलं. आमच्या वडिलांना तर त्याची इतकी धास्ती होती की शेवटच्या आजारात त्यांनी दुसरं काही मागितलं नाही, फक्त ‘गणपती येगळो करू नकात’ एवढंच म्हणाले. आणि आम्ही तो केला नव्हता. दादाचं आणि माझं राजकारणावरून वाजलं, काजूच्या कुंपणावरून वाजलं, पण चतुर्थीला मी नाही असं कधी झालं नव्हतं.

तर बत्ती. सड्यावर पलीकडे सिमेंटची नवी बत्ती झाली आणि जुनी बंद पडली. मग खाऱ्या वाऱ्याने तिला खायला सुरुवात केली. पत्रे गळायला लागले. एकदा एक पत्रा सुटून दादाच्या बकरीच्या पुढ्यात पडला, बकरी आठवडाभर दूध देईना. दीपगृह खात्याने ठरवलं, ही मोडीत काढायची. हे मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. अहो, आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की जुन्या वस्तू म्हणजे आपली ओळख, आणि माझ्याच बापाने पुसलेली काच भंगारात जाणार? मी अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, ओळखीच्या नि अनोळखी साहेबांसमोर तोंड वेंगाडलं. शेवटी ओरोसच्या माळावर जे नवं संग्रहालय होत होतं, ते बत्ती घ्यायला तयार झालं. पत्रान् पत्रा सुटा करून न्यायचा आणि तिथल्या बागेत तशीच्या तशी परत उभी करायची, असं ठरलं.

लोक हसले. समुद्र नाही तिथे बत्ती कशाला, एसटीला डेपो दाखवायला काय, असं कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, हसा. वाचली तर पाहिजे ना आधी?

दादाला विचारायला मी मुद्दाम गावी गेलो. मला वाटलं तो भडकेल. तो सोप्यावर बसून सुपाऱ्या सोलत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लोखांड तां. हंय रवला तर गंजतला, थंय रवला तर जगतला. व्हरा, घेवन जावा.”

“तुका वायट नाय वाटणां?”

“वाटता मा रे. पण वाटान काय करतलंय? पत्रे चिकटवतलंय?” मग म्हणाला, “राखणदाराक तेवडो इचारूक व्हयो.”

राखणदार म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे प्रत्येक जागेला तिचा एक राखणारा असतो. तो देवळातला देव नव्हे. त्याला देऊळ नको, मूर्ती नको. बत्तीच्या पायाशी, समुद्राच्या अंगाला, एक काळा गुळगुळीत दगड होता, तो आमच्या सड्याचा राखणदार. बत्ती बांधायला साहेबाची माणसं आली तेव्हाही तो तिथे होता, आणि त्याला हलवणार असाल तर आम्ही घमेलं उचलणार नाही असं मजुरांनी सांगितलं, म्हणून बत्तीचा चौथरा त्याला बगलेत घेऊन बांधला, असं वडील सांगत. नोकरीला लागल्या दिवसापासून वडील त्याला नारळ देत. त्यांच्यानंतर तो मान दादाचा. गावातली होडी पहिल्यांदा पाण्यात जायची ती त्या दगडाला नारळ दिल्यावर.

आणि याची एक रीत होती. राखणदाराला शेंदूर लावायचा नाही, हार घालायचा नाही, नारळ फोडला की भकलं उचलून घरी आणायची, मागे करवंटीचा तुकडासुद्धा ठेवायचा नाही. त्याला दाखवेगिरी चालत नाही. त्याच्याविषयी परक्यांपुढे बोलायचंही नाही. त्यामुळे ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे नुसता दगड दिसणार.

दिवाळी उलटल्यावर काम सुरू झालं. त्या सकाळी दादाने सड्यावर जाऊन नारळ दिला, राखणदाराला गाऱ्हाणं घातलं की बाबा, तुझ्या कुशीतलं लोखंड आज काढतायत, तू जरा बाजूला हो, कोणाला दुखापत होऊ देऊ नको. आणि मग पाठ फिरवून खाली आला. एकदा राखणदाराला बाजूला व्हायला सांगितलं की काम संपेपर्यंत गावातल्या माणसाने तिकडे फिरकायचं नाही, ही दुसरी रीत. तो मोकळा फिरत असतो, मधे कोणी आडवं गेलं तर बाधतं. सगळ्या गावाने ती पाळली. गुरंसुद्धा त्या अंगाला सोडली नाहीत. ठेकेदाराची माणसं घाटावरची. पत्र्यांवर रंगाने आकडे घालत, सोडवत, लॉरीत भरत त्यांनी काम उरकलं. त्यांना सांगितलेलं होतं, पायाचंही जे जे निघेल ते सगळं आणा. त्यांनी आणलं. ‘हो दगड ठेवा’ असं सांगायला सड्यावर गावातलं चिटपाखरू नव्हतं.

मी ओरोसला लॉऱ्यांची वाट बघत होतो. त्या आल्या तेव्हा मी लहान मुलासारखा नाचायचा बाकी होतो. चौथऱ्याचे दगड उतरवले, त्यांत तोही असणार. सगळ्यांवर माती, सगळ्यांवर पांढरे आकडे. मी एकेका पत्र्याजवळ जाऊन हात लावून बघत होतो. दगडांकडे कोण बघतं!

बत्ती उभी राहिली, रंगवली गेली, फीत कापली गेली. दादा समारंभाला आला नाही. त्याच्या काजूला औषध मारायचं होतं म्हणे. समारंभानंतर काही दिवसांनी त्याचा फोन आला. काम संपल्यावर सडा धुळीने आणि लोखंडाच्या किसाने भरला होता, तो पावसाच्या एका अवकाळी सरीने धुऊन निघेपर्यंत तो थांबला होता, तोवर गावातलंही कोणी वर गेलं नव्हतं. मग राखणदाराला ‘झालं बाबा, ये परत जाग्यावर’ म्हणून सांगायला नारळ घेऊन वर गेला होता.

“राखणदार खंय?” दादाने विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! हंय खड्डो आसा. राखणदार खंय व्हरलास तुमी?”

चप्पल पायात सरकवून तसाच धावत बागेत गेलो. बत्तीच्या नव्या चौथऱ्याच्या पुढच्या कोपऱ्यात, जिथे लोक उभं राहून फोटो काढत होते, तिथे तो सिमेंटात पक्का बसवलेला होता. धुऊनपुसून चकचकीत. बाजूला पाटी, ‘मूळ पायातील दगड’. एक बाई त्यावर पर्स ठेवून पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. मी ओरडलोच, “अहो, पर्स उचला ती!” तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

संग्रहालयाच्या अधिकारी एक तरुण बाई होत्या, पुण्याकडच्या. त्यांना वाईट म्हणता येणार नाही, म्हणायची फार इच्छा आहे तरी. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

“सर, पण एवढी महत्त्वाची गोष्ट तुम्ही आधी का नाही सांगितलीत? आपण इतक्या वेळा बसलो.”

काय सांगणार? परक्याशी राखणदाराविषयी बोलायचं नाही ही रीत आहे, हे परक्याला सांगायचं कसं? मी म्हणालो, “राहून गेलं.”

“तो आता नोंदवलेला आहे सर. काढायचा तर वरून परवानगी लागेल. मी प्रस्ताव पाठवते.”

पाठवला त्यांनी. मग सुरू झालं नेहमीचं. विषय वरिष्ठांकडे आहे, साहेब रजेवर आहेत, साहेब बदलले, नवीन साहेबांना पुन्हा समजावून सांगावं लागेल. मी त्या बाईंच्या दारात इतका बसलो की शिपाई मला न विचारता चहा आणून देऊ लागला. बायको म्हणाली, “नोकरी करत होतास तेव्हा इतका वक्तशीर कधी नव्हतास.” मला हसू नाही आलं.

इकडे गावात वेगळंच चाललं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी, होड्या ओढून ठेवायच्या दिवसांत, आत येताना एक होडी सड्याखालच्या खडकावर आपटून उलटली. माणसं वाचली, पण एकाचा पाय होडी आणि खडकाच्या मधे सापडून चेंगरला. अशा होड्या पूर्वीही उलटल्यात, वडिलांच्या काळात तर माणसं गेलीत. पण आता लोकांना कारण सापडलं होतं. सडा उघडा पडलाय. राखणदार जाग्यावर नाही. कुणी नेला? ह्याच्या भावाने नेला.

दादाच्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं, तेच जास्त वाईट. वहिनीने एकदा फोनवर सांगितलं, ती विहिरीवर गेली की बायका बोलायच्या थांबतात. पाय चेंगरलेल्या माणसाला बघायला दादा गेला, तर त्याच्या आईने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, “तुमचो मान तुमी ओरोसाक धाडलास, आता हंय कित्याक इलास?” दादा तिथून घरी आला आणि जेवला नाही. हे सांगून वहिनी म्हणाली, “भावजी, कायव करा, पण तेका परत हाडा.” तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मला राग कोणाचा येत होता सांगू? सगळ्यांचा. ठेकेदाराचा, साहेबांचा, त्या म्हातारीचा, आणि दादाचा सगळ्यात जास्त. अरे, आपल्या रीतीच अशा की देव सांभाळायचा पण सांगायचा नाही, आणि काम चालू असताना तोंड फिरवून घरात बसायचं! मग तो गेला तर गेला कसा म्हणून माझ्याच नावाने बोटं मोडायची? हे मी त्याला फोनवर बोललो. अगदी असंच, तोंडाला येईल ते. त्याच्याकडे पाऊस लागला होता, पत्र्यावरचा आवाज येत होता.

“ऐक,” तो म्हणाला. “राखणदार परत येयसर तू चवथीक येव नको.”

“काय?”

“लोकांका मी काय सांगू? ज्याच्यामुळे राखणदार गेलो, तो माज्या ओटयेर बसान मोदक खाता? माज्या गणपतीक गावातलो एक माणूस येवचो नाय.” आणि मग, जरा खालच्या आवाजात, “हाड रे तेका. चवथीच्या आधी हाड. माका तुजो गणपती येगळो झालेलो बघूचो नाय.”

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून रडलो. निवृत्त मास्तराने रडू नये असं काही नाही ना? बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, बघितलं, आणि पुन्हा आत गेली.

त्यानंतर मी लाज सोडली. त्या अधिकारी बाईंना म्हटलं, “बाई, मी तुमच्या पाया पडतो, माझं घर मोडतंय.” त्या एकदम उभ्याच राहिल्या. त्यांना गणपतीचं सगळं सांगितलं, राखणदाराचंही सांगितलं. रीत गेली खड्ड्यात. त्यांनी डोळे मोठे करून ऐकलं आणि स्वतः वर गेल्या. काय बोलल्या, कोणाला भेटल्या, मला माहीत नाही. श्रावण संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला. परवानगी मिळाली होती. त्या जागी तसाच दुसरा दगड बसवायचा आणि आमचा आम्ही न्यायचा. गवंडी सांगून ठेवलाय, म्हणाल्या.

मी दादाला फोन केला. “ये,” म्हटलं. “ये आणि घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या एसटीने आला. धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत नारळ. मी घ्यायला स्टँडवर गेलो होतो. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, “सुकलंस रे. बायको जेवूक घालता मा?” इतक्या महिन्यांनी त्याची थट्टा ऐकून मला कोण आनंद झाला! रिक्षात तो चतुर्थीच्या बाजाराचं बोलत होता. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीला या वर्षी कवंडळाची रानफळं मिळतील की नाही, मूर्तिकाराने गणपतीचं नाक जरा मोठं केलंय, तूच येऊन सांग त्याला, असं.

बागेत शिरल्यावर बत्ती दिसली तसा तो थांबला. मान वर करून बघत राहिला. “बरी दिसता,” म्हणाला. “बापाशीन बघूक व्हयी होती.” मग चौथऱ्याकडे चालत गेला.

दगडावर ताजी अनंताची फुलं होती. मी दचकलो. संग्रहालयाचा पहारेकरी पुढे आला, आमच्याच बाजूचा, मालवणातला. ओशाळून म्हणाला, “माका पयल्याच दिवशी समाजला, ह्यो साधो दगड न्हय. मी रोज इलंय की एक फूल ठेवतंय. कचेरीतली माणसां पण येतत आता. परीक्षेक जाणारी पोरां येतत.” दादा त्याच्याकडे बघतच राहिला.

गवंडी छिन्नी हातोडा घेऊन बसलाच होता. अधिकारी बाईही आल्या होत्या. मी म्हटलं, “चला, करा सुरुवात.”

“थांब,” दादा म्हणाला. “तेका इचारल्याशिवाय उचलूचो कसो?”

“अरे, इचारायचं काय त्यात? आपलाच आहे तो!”

“आपलो म्हणूनच इचारूक व्हयो. पयल्या खेपेक कोणी इचारूक नाय, म्हणान ह्यां सगळां झालां.”

तो कौल लावणार होता. आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाला असं विचारतात. पाण्यात भिजवलेली दोन फुलं दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं आधी पडलं तर देव होय म्हणाला, डावं पडलं तर नाही. दादाने चपला काढल्या. दगडासमोर नारळ ठेवला. पहारेकऱ्याने आणून दिलेल्या पाण्यात अनंताच्या पाकळ्या भिजवून दोन्हीकडे लावल्या. हात जोडले आणि म्हणाला, “बा राखणदारा, म्हाराजा, तुका न इचारता तुका हंय हाडलो, ती चूक आमच्या पदरात घाल. आता तुका परत तुज्या जाग्यार व्हरूक इलंय. येतलंस तर उजवो दी. हंय रवतलंस तर डावो दी. जां काय असात तां मोकळां सांग, म्हाराजा.”

आम्ही सगळे त्या दोन पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. गवंडी, पहारेकरी, पुण्याच्या बाई, सगळे. डाव्या अंगाची पाकळी आधी घसरली. मग सुटून खाली पडली.

दादा तसाच हात जोडून उभा होता. मी दगडाकडे नीट बघितलं आणि मला दिसलं. चौथऱ्यावर पाणी साचू नये म्हणून गवंड्याने उतार दिला होता, आणि दगड डाव्या अंगाला कलता बसला होता. डावी पाकळी पडणारच होती!

“दादा, दगड वाकडो आसा!” मी ओरडलो. “बघ ना, कललाय तो. ह्या अंगाचं फूल टिकणारच नाही.”

“दिसता माका. मी काय आंधळो?”

“मग सरळ करू, परत लाव!”

“एकदा इचारलंय. परत इचारलंय म्हणजे तेका खोटो म्हटलंय.”

“अरे पण परवानगी मिळालीय! गवंडी बसलाय! चतुर्थी तोंडावर आलीय!” मी काय काय बोललो मला आठवत नाही. बागेतली माणसं वळून बघत होती. मी दादाचा हात धरला, सोडवला, पुन्हा धरला. तो शांत होता, आणि त्या शांतपणाने मला आणखी चीड आली. “तू घरी जाऊन काय सांगणार आहेस लोकांना?”

“सांगतलंय, कौल लावलंय, तो येणां नाय म्हणता. कौल म्हटल्यार कोण काय बोलाचा नाय.” त्याने दगडावरची फुलं सारखी केली. “खोटां कशाक बोला, माका पण तसांच वाटता. थंय सड्यार आता कोण येता? होडये येक येक करून विकतत. मी मेलंय काय नारळ देवक पण कोण नाय. हंय तेका रोज फूल आसा. पोरां येतत. रवांदे तेका.”

त्याने नारळ फोडला. एक भकल आपल्या पिशवीत टाकलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. अधिकारी बाईंनी हळूच विचारलं, मग काढायचा नाही का. “नको गो बाय,” तो म्हणाला. “तुमी बऱ्या हात. तेका जपा.”

मला वाटलं, सुटलो. कौलच आला, आता गावाचं तोंड बंद. मी म्हटलं, “म्हणजे चतुर्थीला आम्ही येतो. परवाच येतो, माटवी बांधायला.”

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते.

“तू खंय येतलंस रे आता?” तो म्हणाला. “राखणदार हंय रवलो. तेका आमच्या घरातलो कोण तरी व्हयो मा? पहारेकरी बदलता, म्याडम बदलतत. ह्यो मान आता तुजो. आणि जो मान घेता तेना चवथीक राखणदाराक टाकून जावचा नसता, पयलो नारळ तेचो.” त्याने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. “तुजो गणपती तू हंय हाड.”

मी त्याच्याशी भांडू शकलो असतो. भांडलो नाही. तो रागाने बोलला असता तर मी जिंकलो असतो, पण तो माझा मोठा भाऊ होता आणि मला वाटणी देत होता. स्टँडवर त्याला गाडीत बसवलं. खिडकीतून त्याने हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, मी लहान असताना ठेवायचा तसा. गाडी सुटली.

चतुर्थीच्या सकाळी मी बागेत जाऊन नारळ दिला. मग ब्लॉकवर येऊन गणपती बसवला. लहानसाच होता, बाजारात उरलेल्यांतला. पूजा झाली. आता गाऱ्हाणं घालायचं. ते आजवर वडिलांनी घातलेलं, नंतर दादाने. सगळं घर मागे हात जोडून उभं असायचं आणि प्रत्येक वाक्याला एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, माझं काम तेवढंच असायचं. मी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात तुका पयल्यांदा हाडलो हा,” एवढं म्हणालो. मागून बायको एकटीच म्हणाली, “होय म्हाराजा.” पुढचे शब्द मला येईनात.